कापडी डायपरचा व्यवसाय : मातांच्या उद्योगाची पाऊणशे वर्षे

कापडी डायपरचा आधुनिक व्यवसाय १९४९ साली न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या दुकानात सुरू झाला असे धरले, तर त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. या व्यवसायाला एक मुख्य कार्यालय नाही, एक घटना नाही आणि सभासदांची नोंदवहीही नाही. वेगवेगळ्या देशांत एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांनी तो पुनःपुन्हा उभा केला आणि बहुतेक वेळा तो स्वयंपाकघरातल्या शिलाई मशीनवरच उभा राहिला. असे असूनही त्याची परंपरा सलग आहे. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचा कच्चा दुवा हेरला आणि तिथून काम पुढे नेले. हा कच्चा दुवा दर वेळी धुण्याशी निगडित होता, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात वापरून मऊ झालेले धोतर किंवा लुगडे फाडून त्याचे लंगोट शिवत. बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी यांच्याबरोबर लंगोटांचा गठ्ठा असे, आणि घरातल्या पहिल्या बाळाचे लंगोट तिसऱ्यापर्यंत सहज पुरत. युरोप-अमेरिकेत चौकोनी सुती कापडाची घडी घालून ती सेफ्टी पिनने अडकवण्याची रीत होती. या पिनेचे पेटंट वॉल्टर हंट या अमेरिकी गृहस्थाने १८४९ मध्ये घेतले आणि ते अवघ्या ४०० डॉलरना विकून टाकले. त्यानंतर शंभर वर्षे बाळाच्या कोवळ्या त्वचेशेजारी धातूचे टोक राहिले. आईचे बोट मध्ये धरून पिन लावणे हे कौशल्य समजले जाई.

ओल बाहेर येऊ नये म्हणून वरून रबराची चड्डी घालत. ती मांडीला रुतत असे, आतली हवा कोंडे आणि पुरळ उठे. चड्डी न घालावी तर चादर, गादी, दुपटे आणि आईचे कपडे, सगळेच धुण्यात जाई. तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागत, त्यात ही भर पडे. ही अडचण कापड गिरण्यांच्या मालकांच्या लक्षात आली नाही, याचे नवल वाटायला नको. ते धुणे त्यांच्या वाट्याला येत नव्हते.

स्थापनेचा काळ : १९४६ ते १९५०

मॅरियन डोनोव्हन यांचा जन्म १९१७ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे झाला. वडील आणि त्यांचे जुळे बंधू यांनी तेथे लेथ यंत्रांचा कारखाना काढला होता. आई लहानपणीच गेल्यामुळे मॅरियन यांचा बराच वेळ कारखान्यात जाई. पुढे त्यांनी इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, 'व्होग' मासिकात सौंदर्यविषयक विभागात सहायक संपादक म्हणून काम केले आणि विवाहानंतर कनेक्टिकटमधील वेस्टपोर्ट येथे संसार थाटला. लेथचा कारखाना आणि फॅशनचे मासिक ही दोन्ही शिक्षणे एकाच व्यक्तीच्या वाट्याला यावीत, हा योग या व्यवसायाला लाभला.

दुसऱ्या बाळंतपणानंतर, १९४६ च्या सुमारास, त्यांनी न्हाणीघरातला जलरोधक पडदा काढला, कापला आणि मशीनवर बसून त्याचे एक आवरण शिवले. आत घडी घातलेले सुती कापड आणि बाहेर हे आवरण अशी ती रचना होती. अनेक नमुने बिघडल्यावर त्यांनी पडद्याऐवजी हवाई छत्रीचे नायलॉन वापरले, कारण त्यातून ओल बाहेर येत नसे आणि रबराइतकी हवाही कोंडत नसे. सेफ्टी पिनेच्या जागी टिचबटणे आली. आवरणाचा आकार होडीसारखा दिसे, म्हणून त्याचे नाव 'बोटर' ठेवण्यात आले.

डोनोव्हन नमुना घेऊन मोठ्या उत्पादकांकडे गेल्या. कोणत्याही स्त्रीने आमच्याकडे अशी वस्तू मागितलेली नाही, अशा अर्थाची उत्तरे मिळाली. तेव्हा त्यांनी स्वतःच उत्पादन सुरू केले. १९४९ मध्ये 'बोटर' सॅक्स फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूमध्ये विक्रीस आले आणि लगेच खपू लागले. दुकानाचे प्रमुख अ‍ॅडम गिंबेल यांनी त्यांना कौतुकाचे पत्र पाठवले. १९५१ मध्ये पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्याचे हक्क केको कॉर्पोरेशन या कंपनीला दहा लाख डॉलरना विकले गेले. ज्या वस्तूला मागणीच नाही असे सांगण्यात आले होते, तिची ही किंमत होती.

याच काळात इंग्लंडमध्ये व्हॅलेरी हंटर गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने कॅम्बर्ली येथे स्वयंपाकघरातील टेबलावर असाच प्रयोग केला. त्यांनी बाहेरचे आवरण धुण्याजोगे आणि आतली गादी फेकून देण्याजोगी अशी विभागणी केली. सुरुवातीला हवाई छत्रीचेच कापड होते, नंतर पीव्हीसी आले. ओळखीच्या बायकांना हवे म्हणून त्यांनी चारशेहून अधिक आवरणे स्वतः मशीनवर शिवली. पुढे चेस्टरफिल्डच्या रॉबिन्सन्स कंपनीने ती 'पॅडी' या नावाने काढली आणि बूट्सच्या दुकानांतून विकली. युद्धानंतरच्या काळात उरलेले लष्करी नायलॉन सहज मिळत होते. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दोन माता एकाच कापडापर्यंत पोचल्या, त्यामागे हे साधे कारण होते.

दुसरे दशक : १९५१ ते १९६०

या दशकात कापडी डायपरचा बाजार मुख्यतः लाँड्री सेवांनी सांभाळला. आठवड्यातून एक-दोनदा गाडी येई, वापरलेल्या डायपरची बादली नेई आणि धुतलेल्या, उकळून निर्जंतुक केलेल्या डायपरचा गठ्ठा ठेवून जाई. अमेरिकेत या सेवा १९३० च्या दशकापासून होत्या. युद्धात स्त्रिया कारखान्यांत जाऊ लागल्या तेव्हा त्यांची गरज वाढली आणि युद्धानंतर जन्मदर चढला तेव्हा त्यांची भरभराट झाली. गाड्या हाकणारे, बादल्या उपसणाऱ्या आणि घड्या घालणाऱ्या कामगारांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. या व्यवसायाच्या ऋणनिर्देशात त्यांना वरचे स्थान द्यायला हवे.

डोनोव्हन स्वतः मात्र पुढे निघून गेल्या होत्या. ओल शोषून त्वचेपासून दूर नेणाऱ्या कागदी डायपरची कल्पना घेऊन त्या कागद कंपन्यांकडे फिरल्या, पण कोणी दाद दिली नाही. १९५८ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून वास्तुरचनेची पदवी घेतली. त्यांच्या नावावर पुढे एकूण २० पेटंटे जमा झाली. कपडे टांगण्याच्या आकड्यापासून दात साफ करण्याच्या दोऱ्यापर्यंत त्यांचे विषय घरातलेच राहिले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचा समावेश झाला.

स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९५५ मध्ये व्हेल्क्रोचे पेटंट मिळवले. डायपरशी त्याचा संबंध जुळायला आणखी बराच काळ जायचा होता.

तिसरे व चौथे दशक : १९६१ ते १९८०

प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील रसायन अभियंता व्हिक्टर मिल्स यांना नातवंडाचे लंगोट धुण्याचा कंटाळा आला आणि त्यांच्या गटाने फेकून द्यायच्या डायपरचे काम हाती घेतले. डॅलसमधील पहिली चाचणी उन्हाळ्याच्या उकाड्यात फसली. १९६१ मध्ये इलिनॉयमधील पिओरिया शहरात 'पॅम्पर्स' दहा सेंटला एक या दराने विकायला ठेवले, तेही महाग म्हणून चालले नाहीत. धुलाई सेवेचा डायपर त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत पडे. यंत्रे सुधारून किंमत सहा सेंटच्या आसपास आणल्यावर मात्र चित्र पालटले. १९७८ मध्ये किंबर्ली-क्लार्कने 'हगीज' आणले. मध्यंतरी, १९६० च्या दशकात, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणाऱ्या अतिशोषक पॉलिमरचा शोध लागला होता. १९८० च्या दशकात तो डायपरमध्ये आला आणि जाड कागदी डायपर एकदम पातळ झाले.

कापडी डायपरच्या व्यवसायाला या वीस वर्षांत ओहोटी लागली. एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. याच वीस वर्षांत अमेरिकेतल्या घराघरांत धुलाई यंत्रे पोचली होती. धुणे सोपे होत असतानाच डायपर धुणे बंद झाले, कारण यंत्र कपडे धूत असले तरी बादलीत हात घालणे, पिळणे, वाळवणे, घड्या घालणे ही कामे आईकडेच राहिली होती. फेकता येणाऱ्या डायपरने बाजार जिंकला तो याच जागी, आणि तो जिंकणे न्याय्यच होते. नंतरच्या कापडी डायपरवाल्यांनी हे लवकर ओळखले नसते तर त्यांचा व्यवसाय पुन्हा उभा राहिला नसता.

पाचवे दशक : १९८१ ते १९९०

पुनरुज्जीवनाची सुरुवात छोट्या टपाल-व्यवसायांनी केली. कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे दोन मातांनी चालवलेल्या 'बायोबॉटम्स'ने लोकरीची डायपर आवरणे कॅटलॉगमधून विकायला घेतली. लोकर ओल धरते, तरी बाहेरून कोरडी वाटते आणि दर वेळी धुवावी लागत नाही, हा तिचा गुण येथे कामी आला. कॅनडात माँट्रियल येथे बेट्सी थॉमस यांनी 'बमिस' सुरू केले. डोनोव्हन यांच्या टिचबटणांच्या जोडीला आता व्हेल्क्रो आले होते आणि सेफ्टी पिनेची सद्दी संपली.

१९८७ मध्ये 'मोब्रो ४०००' ही कचऱ्याने भरलेली बार्ज न्यूयॉर्क परिसरातून निघाली आणि कोणीच कचरा उतरवू देईना म्हणून बेलिझपर्यंत भटकून परत आली. दूरचित्रवाणीवर ही बातमी महिनोन्‌महिने चालली. डायपर हा अमेरिकी नागरी कचऱ्याचा वजनाने जेमतेम दोन टक्के भाग होता, परंतु तो लोकांना कळणारा भाग होता. धुलाई सेवांना पुन्हा मागणी आली. १९९० आणि १९९१ मध्ये दोन परस्परविरोधी अभ्यास निघाले. एक मोठ्या उत्पादकाने करवून घेतला होता, दुसरा धुलाई सेवांच्या संघटनेने. दोन्हींचे निष्कर्ष ज्याच्या त्याच्या बाजूने लागले. या वादात बरेच काही बोलले गेले, त्याची उजळणी येथे अनावश्यक आहे.

सहावे दशक : १९९१ ते २०००

या दशकात व्यवसायाचे तंत्र बदलले. १९९१ पासून कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 'मदर-ईज' या संस्थेने जन्मापासून शी-शूचे वळण लागेपर्यंत पुरणारा, टिचबटणांनी लहान-मोठा होणारा डायपर बनवला. इंग्लंडमध्ये १९९७ साली जो आणि गाय शॅन्शिफ या दांपत्याने 'बॅम्बिनो मिओ' सुरू केले. ग्लासगोमध्ये २००० साली 'टॉट्सबॉट्स' उभे राहिले, तेही पतिपत्नींनीच.

सर्वांत दूरगामी बदल लुइझियाना राज्यात झाला. टेरेसन डुपुई यांच्या मुलाला ओल्या कापडाने पुरळ येई. त्यांनी १९९९ च्या सुमारास खिशाचा डायपर तयार केला आणि 'फझीबन्झ' या नावाने विकायला आणला. बाहेरचा थर पीयूएलचा, म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेल्या कापडाचा. हे कापड आधी रुग्णालयांतल्या वस्तूंसाठी वापरले जाई, कारण ते पाणी अडवते आणि वारंवार धुणे सोसते. आतला थर मायक्रोफ्लीसचा. फ्लीस स्वतः ओल धरत नाही, ती पलीकडे जाऊ देतो, म्हणून बाळाची त्वचा कोरडी राहते. या दोन थरांमध्ये मागून उघडणारा खिसा आणि त्यात सरकवायची शोषक घडी.

खिशाचा फायदा वाळवण्यात होता. जुना जाड, शिवून एकत्र केलेला डायपर दोरीवर दीड-दोन दिवस दमट राहत असे. घडी काढून वेगळी वाळवली की बाहेरचे आवरण तासाभरात सुकते आणि घडीलाही दोन्हीकडून हवा लागते. एका आईने मुलाच्या पुरळासाठी केलेली ही सोय जगभर गेली. आज बाजारात असलेल्या कापडी डायपरांपैकी फार मोठा हिस्सा कोणत्या ना कोणत्या स्वरूपात या रचनेवर बेतलेला आहे. नकला झाल्या, पेटंटांवरून मतभेद झाले, काही जुन्या सहकाऱ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. व्यवसाय मात्र वाढत राहिला.

सातवे दशक : २००१ ते २०१०

इंटरनेट आल्यावर दुकानाची गरज उरली नाही. घरी बसून शिवणाऱ्या आणि विकणाऱ्या मातांचा एक मोठा वर्ग अमेरिकेत तयार झाला. दिवसा मूल झोपले की कापणी, रात्री शिलाई, सकाळी टपाल कचेरी असा त्यांचा दिवस असे. ग्राहक, विक्रेती आणि शिक्षिका या तिन्ही भूमिका एकाच स्त्रीकडे असत, कारण कापडी डायपर विकायचा तर तो धुवायचा कसा हे आधी शिकवावे लागते.

या वर्गातून सर्वांत मोठा झालेला व्यवसाय म्हणजे जेनिफर लॅबिट यांचा 'कॉटन बेबीज'. मिसुरी राज्यातील सेंट लुइस परिसरात २००२ मध्ये त्याची सुरुवात झाली. पतीची नोकरी गेली होती, घरात तान्हे बाळ होते आणि भांडवल म्हणून घरखर्चातून वेगळे काढलेले १०० डॉलर. त्यातून थोडा माल मागवायचा, तो संगणकावरून विकायचा आणि आलेल्या पैशांतून पुन्हा माल मागवायचा, असे चक्र त्यांनी कर्ज न काढता फिरवले. पहिली काही वर्षे घर हेच गोदाम होते आणि पतीने खोकी बांधली.

दुसऱ्यांचा माल विकताना ग्राहक काय तक्रार करतात ते लॅबिट यांना रोज ऐकू येत होते. आवरणाच्या टोकाची पट्टी ताणत नाही, एका मापात वर्ष जात नाही, आजीला किंवा पाळणाघरातील बाईंना लावता येत नाही. या तक्रारींना उत्तर म्हणून २००५ मध्ये 'बमजीनियस' हा डायपर बाजारात आला. खिसा डुपुई यांच्या धर्तीचा, माप टिचबटणांनी बदलणारे आणि कमरेची पट्टी ताणणारी. फेकायच्या डायपरची सवय असलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी लावता येत असे. कंपनीच्या वाढीचे श्रेय एका व्यक्तीला देण्याची रीत आहे, पण पाकिटे भरणाऱ्या, दूरध्वनीवर धुण्याचे प्रश्न सोडवणाऱ्या आणि स्वतःच्या बाळावर नमुने वापरून पाहणाऱ्या स्त्रियांचा त्यात तेवढाच वाटा होता.

दशकाच्या शेवटी परीक्षेची वेळ आली. आयात खेळण्यांत शिसे सापडल्यानंतर अमेरिकेने ऑगस्ट २००८ मध्ये मुलांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेचा कडक कायदा केला. प्रत्येक वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करणे मोठ्या कंपन्यांना जड नव्हते. दिवसाला चार डायपर शिवणाऱ्या बाईला मात्र ते परवडणारे नव्हते. कित्येक घरगुती व्यवसाय त्या वेळी बंद झाले. २०११ मध्ये लहान उत्पादकांना काही सवलती मिळाल्या. कायद्याचा हेतू योग्य होता, त्याचा भार मात्र चुकीच्या खांद्यांवर आधी पडला.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २००८ मध्ये दोन्ही प्रकारच्या डायपरांचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला. अडीच वर्षांत फेकायच्या डायपरांमुळे सुमारे ५५० किलो आणि कापडी डायपरांमुळे सरासरी ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असा आकडा निघाला. कापडी डायपरवाल्यांना तो रुचला नाही. पण त्याच अहवालात उत्तरही होते. यंत्र भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले तर उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी उतरते, आणि वाळवण्याचे यंत्र सतत वापरले तर चढते. म्हणजे निर्णय डायपरपेक्षा धुण्यावर आणि दोरीवर अवलंबून होता. या अहवालानंतर बहुतेक विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत धुण्याच्या सूचना ठळक झाल्या.

आठवे दशक : २०११ ते २०२०

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील रिअल डायपर असोसिएशनच्या पुढाकाराने अनेक देशांत एकाच वेळी बाळांचे कापडी डायपर बदलण्याचा सामूहिक कार्यक्रम झाला आणि पाच हजारांहून अधिक बाळांच्या नोंदीसह गिनेस बुकात गेला. त्याच सुमारास चीनमधून खिशाचे स्वस्त डायपर येऊ लागले. किमती पडल्या, घरगुती शिलाई आणखी मागे हटली आणि पाश्चात्य कंपन्यांनी छापील नक्षी, हमी आणि सल्ला यांवर भर दिला. 'कॉटन बेबीज'ने गरजू कुटुंबांना स्वयंसेवकांमार्फत डायपर वापरायला देण्याची योजनाही चालवली. अमेरिकेत अन्नसाहाय्याच्या सरकारी पैशांतून डायपर घेता येत नाहीत, त्यामुळे या योजनेला खरे महत्त्व होते.

भारतात वळण वेगळे आले. येथे कापड कधी गेलेच नव्हते. फेकायचे डायपर मोठ्या प्रमाणावर १९९० च्या दशकात आले. किंबर्ली-क्लार्क आणि हिंदुस्थान लिव्हर यांच्या संयुक्त कंपनीने पुण्याजवळ उत्पादन सुरू केले. पुढे पॅम्पर्स आणि मामीपोको आले. शहरांतली घरे लहान झाली, आई नोकरीला जाऊ लागली, लंगोट वाळत घालायला गॅलरीत जागा उरली नाही. जुना लंगोट आणि फेकायचा डायपर या दोनच वाटा होत्या. दिवसा लंगोट आणि रात्री, प्रवासात डायपर अशी तडजोड घराघरांत झाली.

ही पोकळी मुंबईत पल्लवी उतगी यांच्या लक्षात आली. औषध उद्योगातील विपणनाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. स्वतःच्या मुलाला डायपरने पुरळ येत असल्याने त्यांनी परदेशी कापडी डायपर मागवून पाहिले. ते महाग होते आणि भारतीय बाळांच्या अंगाला नीट बसत नव्हते. २०१६ मध्ये त्यांनी 'सुपरबॉटम्स' सुरू केले. सुरुवातीचा प्रचार समाजमाध्यमांवरील मातांच्या गटांतून झाला. एखादीने विचारायचे, दहा जणींनी उत्तर द्यायचे, आणि त्या दहांतल्या काही पुढे विक्रीच्या कामात यायच्या. नंतर बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल आले आणि उत्पादनांत शोषक थर असलेला, बांधता येणारा लंगोटही दाखल झाला. पुरातन लंगोट नव्या कापडात परत आला, ही या दशकातली बोलकी घटना आहे. याच काळात बंगळुरू व इतर शहरांतही मातांनी अशाच संस्था उभ्या केल्या.

भारतीय ग्राहकाचा पहिला प्रश्न पावसाळ्याचा असतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये घडी वाळत नाही, तिला वास येतो. म्हणून शिवून एकत्र केलेल्या जाड रचनेपेक्षा सुटी घडी, आणि एका जाड घडीपेक्षा दोन-तीन पातळ घड्या येथे अधिक पसंत पडतात. नवी सुती घडी पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय पुरेशी शोषत नाही, सुगंधी सॉफ्टनर घातले तर तंतूंवर थर बसतो, तुपाळ मलम लावले तर तेही कापडात उतरते. विकणाऱ्या मातांनी हे पुन्हापुन्हा समजावून सांगितले. 'डायपर गळतो' अशा तक्रारींचा मोठा भाग अशा सवयी बदलल्यावर मिटतो, असा या व्यवसायातील सर्वांचा अनुभव आहे.

कचऱ्याच्या बाजूनेही दबाव वाढला. पुण्यातील कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने वापरलेले पॅड व डायपर उघडे टाकले जातात याविरुद्ध आवाज उठवला. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला ते उघडून पाहावे लागणार नाही, अशी मोहीम चालली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर अशा वस्तूंसाठी वेष्टन पुरवण्याची जबाबदारी टाकली. कापडी डायपरच्या प्रसाराला या चर्चेची मदत झाली. लाभ प्रथम कचरावेचक स्त्रियांना व्हायला हवा होता, आणि तो अजून पुरता झालेला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या धास्तीने अमेरिकेत दुकानांतले डायपर संपले आणि कापडी डायपरच्या विक्रेत्यांकडे मागणीची एकच झुंबड उडाली.

सद्यस्थिती

ब्रिटन सरकारच्या पर्यावरण खात्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या अभ्यासात कापडी डायपरचे कार्बन उत्सर्जन फेकायच्या डायपरपेक्षा सुमारे २५ टक्के कमी आढळले. लंडनमधील काही पालिका पालकांना कापडी डायपरसाठी व्हाउचर देतात. धुलाई सेवा थोड्या शहरांत टिकून आहेत. वापरलेल्या डायपरची खरेदी-विक्री हा आता व्यवसायाचा मान्य भाग आहे. चांगला डायपर दोन-तीन बाळांना पुरतो आणि त्याला किंमतही येते.

मातांनी काढलेल्या कंपन्यांनी याच कापडाचा आणि शिलाईचा उपयोग इतर वस्तूंकडे वळवला आहे. शी-शूचे वळण लागणाऱ्या मुलांसाठी जाड चड्ड्या, पोहण्याचे डायपर, पाळीतील अंतर्वस्त्रे, बाळंतिणीसाठी धुण्याजोगे स्तनपॅड या वस्तू त्यांच्या यादीत आहेत. भारतात सप्टेंबर २०२५ मध्ये बाळांच्या डायपरांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

दिवसभरासाठी कापडी डायपर वापरणाऱ्या कुटुंबाला साधारण १५ ते २० डायपर लागतात आणि धुणे एक दिवसाआड निघते. पहिला खर्च एकरकमी असल्यामुळे अनेक विक्रेते तीन-चार डायपरांचा छोटा संच आधी देतात. तो घरच्या पाण्यात, घरच्या साबणात आणि घरच्या दोरीवर महिनाभर वापरून पाहावा आणि मग पुढची खरेदी करावी, असा सल्ला त्याच्यासोबत असतो.